साहेब सभागृहात आहेत

फोन वाजत होता आणि रेडिओ खोलीत नव्हता. एवढंच झालं. आमदार निवासातल्या त्या खोलीत फोन वाजणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे; तो सकाळपासून वाजायला लागे आणि दुसरी घंटा पुरी होण्याआधी रेडिओ तो उचली. आज तिसरी झाली, चौथी झाली. आमदार एका पायात मोजा चढवून, दुसरा हातात धरून पलंगाच्या काठावर बसला होता आणि कुणीतरी फोन उचलेल म्हणून वाट बघत होता. मग त्याच्या ध्यानात आलं की खोलीत ते कुणीतरी म्हणजे आपणच आहोत. रेडिओ खाली इस्त्रीचे कपडे आणायला गेला होता. रेडिओ म्हणजे त्याचा पीए. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची त्याला शाळेपासून खोड, म्हणून सगळे त्याला याच नावाने ओळखत. आमदार एका पायावर लंगडत टेबलापर्यंत गेला, रिसीव्हर उचलला आणि "हॅलो" म्हणाला. पलीकडून बाईचा आवाज आला, "साहेबांना द्या." तेवढ्यावरच त्याने ओळखलं. ताई होती, त्याची सख्खी थोरली बहीण, जिने दाजी गेल्यापासून त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलंय अशी त्याची इतकी वर्षं पक्की समजूत होती. आणि तो म्हणाला, "साहेब सभागृहात आहेत."

हे वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. या खोलीत ते भिंतीवरच्या घड्याळासारखं वर्षानुवर्षं टांगलेलं होतं. बदली हवी असलेल्या मास्तरला तेच सांगितलं जाई, आणि बंद पडलेल्या दवाखान्याची तक्रार घेऊन सारखा फोन करणाऱ्या सरपंचालाही तेच. साहेब आंघोळीला असले तरी सभागृहात, झोपलेले असले तरी सभागृहात, अधिवेशनाला महिना असला तरी सभागृहात. पलंगावर पडून त्याने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की रिसीव्हर कानाला लागताच जिभेवर दुसरं काही यायला जागाच नव्हती. पलीकडे ताई थोडी थांबली. तिच्यामागे कुठेतरी शेळी ओरडली. मग ती म्हणाली, "बरं. मग निरोप द्या त्यांना. म्हणावं, विचार केला. यायला तयार आहे. शेळ्या शेजारणीकडे सोपवते. न्यायला कधी येतोय ते कळव म्हणावं." आणि तो, हातातला मोजा घट्ट धरून, म्हणाला, "सांगतो." फोन बंद झाला. तो बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून उभा होता. एक पाय फरशीवर उघडा होता आणि फरशी गार होती, हे त्याला नंतर आठवलं.

तिने आवाज ओळखला नाही. हे त्याला आधी लागलं, बाकीचे प्रश्न मागून आले. ताईने, जिने त्याला अ आ इ ई म्हणायला शिकवलं, जिच्या ओसरीवर बसून त्याने पहिल्यांदा माइक हातात धरला, तिने त्याला कारकून समजून निरोप दिला. पण तिची तरी काय चूक, असंही त्याला वाटून गेलं. हा आवाज तिने फारसा ऐकलेलाच नव्हता. तिला माहीत होता तो जुना. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईने त्याला आपल्या सासरी आणलं, आणि दाजींनी तोंड वाकडं न करता त्याला घरात घेतलं. दाजींचा धंदा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. पुढच्या खोलीत भोंगे एकमेकांत घालून ठेवलेले असत, ॲम्प्लिफायरला गरम धातूचा वास येत असे आणि तारांची भेंडोळी खुंटीवर लटकत. पहिल्यांदा माइक दिला तेव्हा दाजी म्हणाले होते, "तोंड एक वीत लांब ठेव. तू ओरडू नकोस, ओरडायचं काम भोंग्याचं आहे." त्याने ओरडल्याशिवाय बोलून बघितलं आणि स्वतःचाच आवाज गल्लीच्या टोकावरून परत आलेला ऐकला. भरदार, जरा मऊ, वयाच्या मानाने मोठा. आतून ताई हात पुसत बाहेर आली होती आणि तिने कपाळाला हात लावून म्हटलं होतं, "बाई गं, हा आपला आहे?" त्या एका वाक्यावर त्याने पुढची सगळी वर्षं काढली, असं म्हटलं तरी चालेल. निवडणूक आली की जुन्या आमदारासाठी तो जीपमध्ये बसून गावोगाव फिरायचा. लोक उमेदवाराचं तोंड विसरत, पण जीपमधला आवाज विसरत नसत. मग एका निवडणुकीत जुन्या आमदाराला हृदयाचा त्रास झाला आणि पक्षातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, आवाज आहेच लोकांना पाठ, त्यालाच उभा करा. तो निवडून आला तेव्हा दाजींनी भाड्याचे सगळे भोंगे फुकट लावले होते आणि दिवसभर एकच गाणं वाजवून शेजाऱ्यांचं डोकं उठवलं होतं.

पहिलं भाषण त्याने सभागृहात एक वीत लांबून केलं. तालुक्यातल्या शाळांना छप्पर नाही, एवढाच विषय. पण समोरच्या बाकावरचे लोकही बोलायचे थांबले. पहिल्या दोन-तीन वर्षांत छपरं झाली, एक रस्ता झाला, एक दवाखाना उभा राहिला, त्याला डॉक्टर मिळाला नाही ही गोष्ट वेगळी. मग त्याचा पक्ष सत्तेत आला, आणि सत्तेतल्या आमदाराला बोलायचं काम फारसं उरत नाही. भाषणं मंत्री करतात. आपण बसून राहायचं, अध्यक्षांनी विचारलं की 'होय' म्हणायचं. बाहेर मात्र सभा वाढल्या, दिवसाला पाच-सहा, आणि माइक कुणाचे असतील तसे असत, कुठे तो सुरू होई, कुठे होत नसे. दाजींची वीत तिथे कधीच विसरली गेली. तो ओरडायला लागला. गर्दी टाळ्या वाजवी आणि त्याला वाटे, भोंगाही आपणच. शेवटी एके दिवशी घशातून रक्ताचा ठिपका आला. स्वरयंत्रावर गाठी आहेत, म्हणून डॉक्टरने शस्त्रक्रिया केली आणि सांगितलं, महिना-दीड महिना तोंडातून शब्द काढायचा नाही. तेव्हा रेडिओने साहेबांच्या आवाजात फोन घ्यायला सुरुवात केली. अर्धी गंमत, अर्धी सोय. आमदार पाटी-पेन्सिल घेऊन पलंगावर पडून ऐके आणि आपण आपल्यालाच ऐकतोय याचं त्याला हसू येई, पण हसायचीही मनाई होती. मग मुदत संपली, पाटी बाजूला ठेवली, आणि त्याचा जो आवाज बाहेर पडला तो दुसऱ्याच कुणाचा होता. खरखरीत, खालच्या बाजूला फाटलेला. जुना आवाज आता फक्त रेडिओकडे राहिला होता. सभेला लोक म्हणत, साहेबांचा घसा गेला. फोनवर म्हणत, छे, साहेबांचा आवाज अजून तसाच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, म्हणून कुणाला संशय आला नाही.

रेडिओ कपडे घेऊन आला तेव्हा आमदार तसाच टेबलाशी उभा होता. "ताईचा फोन होता," तो म्हणाला. रेडिओने कपडे खुर्चीवर नीट ठेवले, घडी मोडू न देता. "आज कसा काय? त्या रविवारी करतात," तो म्हणाला. इतकं सरळ म्हणाला की आमदाराला खाली बसावं लागलं. दर रविवारी. तो रेडिओला फोनपाशी बसवून दौऱ्यावर असे, कुणाच्या घरी कार्याला, कुणाच्या उद्घाटनाला, आणि इथे रेडिओच्या तोंडून दर रविवारी तो आपल्या बहिणीशी बोलत होता. बायकोला विचारावं तर तिचा आणि ताईचा छत्तीसचा आकडा. बायको असे गावाकडच्या घरी, तिला याची खबर असायचं कारण नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं साहेब. गाडीत. म्हटलं, खोलीवर ताईंचा फोन येतो, काय करू? तुम्ही हात केलात."

हात केलात. हे खोटं म्हणायला काही जागा नव्हती. आमदाराचा तो हात अख्ख्या जिल्ह्याला माहीत होता. समोर माणूस अर्ज घेऊन उभा राहिला की आमदार त्याचं थोडं ऐके, मान डोलावी, आणि मग तळहात जरासा वळवून दोन बोटं दाराकडे हलवी. दाराशी रेडिओ उभा असे. त्याचा अर्थ, बघ याचं काय ते. माणसाला वाटे, आपलं काम मार्गी लागलं. बहुतेक वेळा लागतही असे.

"काय बोलतो मी तिच्याशी?" त्याने विचारलं. आपण हे वाक्य नीट म्हटलं का, असं त्याला वाटलं, पण रेडिओला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"असंच. इकडचं तिकडचं. आधी तुम्ही विचारता, जेवलीस का. मग त्या शेळ्यांचं सांगतात. गुडघ्याचं सांगतात. तुम्ही म्हणता, तेल लाव. सुरुवातीला बोलायच्याच नाहीत. फोन करायच्या आणि गप्प. दाजींच्या मयताला तुम्ही गेला नाहीत ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. मग एकदा तुम्ही माफी मागितलीत."

"मी?"

"हो साहेब. चांगली मागितलीत. म्हणालात, ताई, हॉटेलात आम्हाला कोंडून घातलं होतं, पण दार तोडून यायला हवं होतं मी. चुकलो. मग त्या रडल्या. थोडं तुम्हीही रडलात." रेडिओ जरा ओशाळला. "एवढी बाई एकटी रडतेय आणि तुम्ही नुसते हॅलो हॅलो करताय, ते बरं दिसलं नसतं. पण मिटलं ना प्रकरण. आता गेल्या महिन्यात त्या घसरून पडल्या, तर तुम्ही म्हणालात, एकटी कशाला राहतेस, ये माझ्याकडे. माणूस बोलण्याच्या ओघात म्हणतो साहेब. त्या खरंच येतील असं नव्हतं वाटलं."

आमदाराला राग यायला हवा होता आणि तो त्याची वाट बघत बसला. आला तो हेवा. या माणसाने त्याचा आवाज उचलला होता, ठीक. पण त्या आवाजात तो जे बोलला होता ते आमदाराला त्याचा आवाज धड असतानाही कधी सुचलं नव्हतं. ताईशी समेट झाला होता. रडणं झालं होतं. गुडघ्याला तेल लावून झालं होतं. सगळं व्यवस्थित पार पडलं होतं आणि तो स्वतः त्यात कुठेच नव्हता. "मी करू का फोन?" रेडिओ विचारत होता. "म्हणतो, सध्या अधिवेशन आहे, नंतर बघू. गोड बोलून पुढे ढकलतो." आमदाराचा उजवा हात मांडीवरून उठायला लागला होता. तळहात वळत होता. त्याने डाव्या हाताने तो धरला आणि खाली ठेवला.

सभागृहात त्या दुपारी गर्दी बेताची होती. पंखे चालू होते, शेजारचा आमदार डोळे उघडे ठेवून झोपला होता, ही कला फक्त जुन्या सदस्यांना येते. कुठल्याशा विधेयकातली कलमं एकामागून एक मताला टाकली जात होती. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे. बाकांवरून 'होय'चा एक लोट उठे आणि विरे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे, समोरून थोडा कलकलाट, आणि अध्यक्ष मान वर न करता म्हणत, होयचे बहुमत. आमदाराचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. मधेच त्याने नुसतंच उघडलं आणि आवाज काढला नाही. काही फरक पडला नाही. पुढच्या कलमालाही काढला नाही. होयचे बहुमत. आपण गेली किती वर्षं असे गप्पच असतो तरी हे असंच चाललं असतं, हे त्याला फार शांतपणे कळलं. छपरं झाली होती. रस्ता झाला होता. ते खरं होतं, ते कुणी पुसणार नव्हतं. पण त्यानंतर? त्यानंतर त्याला दाराकडे हलणारी दोन बोटं दिसली आणि बाकांवरून उठणारा तो लोट ऐकू आला, ज्यात कुणाचाच आवाज वेगळा काढता येत नाही.

आणि ते हॉटेल. सरकार डळमळायला लागलं तेव्हा पक्षाने सगळ्या आमदारांना बसमध्ये घालून लांबच्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं होतं, समोरच्यांनी कुणाला फोडू नये म्हणून. प्रतोद स्वतः दाराशी उभा राहून एका उशीच्या अभ्र्यात सगळ्यांचे मोबाईल गोळा करत होता आणि लग्नघरातल्या यजमानासारखा हसत होता. पत्ते होते, पोहायचा तलाव होता, हवं ते खायला होतं. तिथे दाजी गेल्याची बातमी आली. प्रतोदाने बाजूला घेऊन सांगितली, खांद्यावर हात ठेवून. म्हणाला, वाईट झालं, पण परवा विश्वासदर्शक ठराव आहे, एका मताचा खेळ आहे, तुम्ही सुज्ञ आहात. नव्या मंत्रिमंडळात तुमचं नाव आहे, हेही म्हणाला, त्याच खांद्यावरचा हात न काढता. नंतर ते नाव कुठे गेलं देव जाणे. पुढे सगळ्यांना हेच ठाऊक झालं की आमदारांना कोंडून ठेवलं होतं. वर्तमानपत्रांनी तसंच छापलं, विरोधकांनी तशाच घोषणा दिल्या, आणि रेडिओनेही तेच उचललं, कारण त्याला दुसरं कुठून ठाऊक असणार. दार तोडून यायला हवं होतं. आमदार बाकावर बसून हे वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होता आणि प्रत्येक वेळी त्याला त्या हॉटेलचं फाटक दिसत होतं. त्याबद्दल तो आजवर कुणाजवळ बोलला नव्हता. बायकोजवळ नाही, रेडिओजवळ तर नाहीच.

त्याने ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायला सांगितली. रेडिओ सवयीने पुढचं दार उघडून बसायला लागला तेव्हा म्हणाला, "तू नको." रेडिओ क्षणभर तसाच एक पाय आत ठेवून उभा राहिला. मग खाली उतरला, खिडकीशी वाकला आणि कोऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "आधी जेवलीस का विचारा साहेब. त्यांना सवय आहे." त्याच्या डोळ्यांत कुठे थट्टा आहे का ते आमदाराने बघितलं. नव्हती. काळजी होती, आणि ती साहेबांची नव्हती.

दिवसभराचा रस्ता. शहर संपायला वेळ लागला, मग गोदामं आली, मग मोकळं रान. आमदार मागच्या सीटवर एकटाच हळू आवाजात बोलून बघत होता. ताई, जेवलीस का. खरखर. ताई. खाकरून पुन्हा. ड्रायव्हर आरशात बघे आणि नजर काढून घेई. जुना आवाज कसा होता ते त्याला डोक्यात लख्ख ऐकू येत होतं, पण गळ्यात उतरत नव्हता. आपलीच नक्कल आपल्याला करता येऊ नये याची त्याला लाज वाटली आणि मग राग आला, आता, इतक्या उशिरा, आणि कुणावर ते कळेना. ताईचं गाव त्याच्या मतदारसंघात नव्हतं, शेजारच्या मतदारसंघात होतं. म्हणून न जाण्याला सबब लागत नसे. दाजी गेल्यावर तो एकदा गेला होता, महिन्याभराने, दोन गाड्या घेऊन. ताईने सगळ्यांना चहा दिला, त्याला पण दिला, आणि मग ती आत गेली ती तो उठेपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हा त्याच्याबरोबर इतकी माणसं होती की आत जाऊन तिच्यासमोर बसणं जमलं नाही. असं त्याने स्वतःला सांगितलं होतं. माणसं त्यानेच आणली होती.

उन्हं उतरायच्या सुमाराला तो दाराशी पोचला. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत भोंगे अजून होते, एकमेकांत घातलेले, वर धुळीचा थर. ॲम्प्लिफायरवर जुनी चादर टाकलेली. दाराला लागून एक मोठी पिशवी तयार होती, तोंड दोरीने बांधलेली, आणि तिच्यावर घडी केलेली शाल. ताई खुर्चीत बसली होती, गुडघ्यावर पंचा गुंडाळून. ती म्हातारी झाली होती. हे त्याने धरून चालायला हवं होतं, पण डोक्यातल्या ताईचे केस काळेच होते. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे बघितलं, रस्त्यापर्यंत. "एकटाच आलास?" ती म्हणाली.

"हो."

"बस."

तो पिशवीशेजारच्या स्टुलावर बसला. जेवलीस का, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि ते दुसऱ्याचे आहेत म्हणून त्याने गिळले. गाडीत सबंध रस्ताभर त्याने एक भाषण तयार केलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य आठवेना. "ताई," तो म्हणाला, "फोनवर बोलत होता तो मी नव्हतो."

ताईने पंचा सोडला, पुन्हा गुंडाळला. "ते काय मला कळत नाही होय," ती म्हणाली. "आवाज तुझा होता, तंतोतंत. पहिले काही दिवस फसलेच मी. मग त्याने माफी मागितली. तेव्हा कळलं, हा नव्हे." ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "तू लहानपणी शेजारणीची काच फोडलीस तेव्हा दोन दिवस उपाशी राहिलास, पण चुकलो म्हणाला नाहीस. आणि हा एका दमात म्हणतो, चुकलो. रडायला काय लागतो. म्हटलं, असेल कुणी भला माणूस."

"मग तरी बोलत राहिलीस?"

"कुणाशी बोलणार होते? भिंतीशी?" ती म्हणाली. "दर रविवारी कुणीतरी विचारतं, जेवलीस का. खोटं तर खोटं. मागच्या महिन्यात पडले तर म्हणाला, ये माझ्याकडे. मी म्हटलं, बघू तर खरं. येते म्हणून कळवावं. न्यायला कोण येतंय ते बघायचं होतं मला. आणि फोन तूच उचललास."

आमदाराने मान वर केली.

"ओळखलं मी. घसा फाटला म्हणून माणूस ओळखू येत नाही का? तू हॅलो म्हणालास आणि मी म्हटलं, चला, बरं झालं. मुद्दाम म्हटलं, साहेबांना द्या. वाटलं, आता म्हणशील, अगं ताई, मीच की." बाहेर शेजारणीच्या अंगणात सोपवलेल्या ताईच्या शेळ्या ओरडत होत्या. "तू म्हणालास, साहेब सभागृहात आहेत. बरं, म्हटलं, गोंधळला असेल. निरोप सांगितला, तोही मुद्दाम सावकाश सांगितला. तर म्हणालास, सांगतो."

त्याला वाटलं, आता छातीत काहीतरी होईल आणि सुटका होईल. तसं काही झालं नाही. भोंग्यांची तोंडं सगळी त्याच्याकडे होती. ताई वाट बघत होती, आणि ती कशाची वाट बघते आहे ते न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता. "त्याने म्हणून झालंय," ती म्हणाली. "तुला म्हणायचं असेल तर म्हण." आणि तेव्हा आमदाराचा उजवा हात उठला. तो उठतोय हे त्याला कळलं तोवर तळहात वळला होता, आणि दोन बोटं दाराकडे हलली होती. दारात कुणी नव्हतं. रस्त्यावर त्याची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर पाठमोरा होऊन काच पुसत होता. ताई त्या हाताकडे बघत होती. तिने हात बघितला, दार बघितलं आणि मग दुसरीकडे नजर वळवली, जसं आपण कुणाचं उघडं पडलेलं अंग बघून वळवतो.

तो हात मांडीखाली घेऊन बसला, शाळेतल्या पोरासारखा. "हॉटेलचं फाटक उघडं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"कोंडलं नव्हतं, ताई. दाजींचं कळलं तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो होतो. बागेतून चालत. पहारेकऱ्याने मला बघून सलाम केला आणि फाटक उघडलं. त्याला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. समोर रस्ता होता, एक रिकामी रिक्षा उभी होती. मी तिथे उभा राहिलो. मग त्याला म्हटलं, असू दे, नुसता फिरायला आलो होतो. आणि परत फिरलो." आवाज मधे मधे निघत नव्हता, तिथे तो थांबत होता आणि पुन्हा सुरू करत होता. "रात्री पत्ते खेळलो," तो म्हणाला. हे सांगायची गरज नव्हती, पण ते होतं.

 ताईच्या तोंडावरून काही कळेना. ॲम्प्लिफायरवरची चादर एका बाजूने सरकली होती, ती तिने बसल्या जागेवरून हात लांबवून सारखी केली. "हे त्याने सांगितलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"त्याला माहीत नाही."

"हं," ती म्हणाली. मग खुर्चीच्या दांड्यावर भार देऊन उठली. तो मदतीला पुढे झाला तर तिने मानेनेच नको म्हटलं. दाराशी जाऊन तिने पिशवीवरची शाल उचलून खांद्यावर टाकली, पिशवी उचलली, आणि गुडघा सांभाळत, एकेक पाऊल टाकत, ती पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेली. पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला. दोरी सोडल्याचाही आला असावा. आमदार स्टुलावर बसून राहिला. त्याला उठून जावं असंही वाटलं आणि आत जावं असंही वाटलं, आणि दोन्हींपैकी काय करायचं ते विचारायला दारात कुणी नव्हतं. थोड्या वेळाने आतून भांडी काढल्याचा आवाज यायला लागला. तो कान देऊन ऐकत होता. ताटं दोन काढली की एक, ते त्याला आवाजावरून कळत नव्हतं.